दुर्मीळ ग्रंथ कपाटाबाहेर आणताना : विशेष संग्रहात नव्यानं रुजू झालेल्यांसाठी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात विशेष संग्रहाची जबाबदारी तुमच्याकडे आली, की पहिल्या काही आठवड्यांतच कोणीतरी म्हणतं, "आपल्याकडे एवढा खजिना आहे, लोकांना दाखवा ना काहीतरी!" मग तुम्ही किल्ली घेऊन कपाटांपुढे उभे राहता. चामडी बांधणीचे ग्रंथ, कापडात गुंडाळलेल्या पोथ्या, पत्रांच्या पेट्या, गुंडाळी केलेले नकाशे. सुरुवात कुठून करायची, हे कोणी सांगितलेलं नसतं. हा लेख त्या दिवसासाठी आहे.

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी नकलकार एक श्लोक लिहीत. त्यात पोथीच बोलते : मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पहिल्या तीन विनंत्या आपण मनापासून पाळतो. चौथीचा अर्थ मात्र पुष्कळदा 'कोणाच्याच हाती देऊ नका' असा घेतला गेला आणि ग्रंथ कुलपात गेले. जाणते हात तयार करणं हेही ग्रंथपालाचंच काम आहे, असं मी मानते. म्हणून माझा निकष एकच : आपण जे दाखवलं, ते पाहणाऱ्याला पुढे स्वतः मागवून पाहता आलं पाहिजे. चित्र पाहून तो 'वा' म्हणाला आणि पुढे निघून गेला, तर त्याच्या हाती काहीच लागलं नाही.

निवड : आठवडाभर नुसतं पाहा

संग्रहातले नामांकित ग्रंथ सुरुवातीला बाजूला ठेवा. सगळ्यांत जुना, सगळ्यांत मोठा, सोनेरी नक्षीचा ग्रंथ प्रत्येक पाहुण्याला दाखवून झालेला असतो. त्याऐवजी तालिका, म्हणजे संग्रहाची सूची, हाताशी घेऊन रोज तासभर एकेक फळी पाहा आणि प्रत्येक ग्रंथाला एकच प्रश्न विचारा : याच मजकुराची नवी आवृत्ती वाचणाऱ्याला कधीच दिसणार नाही, असं या प्रतीत काय आहे?

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार्ल्स डार्विनची १८३७ साली सुरू केलेली एक टिपणवही आहे. तिच्या एका पानावर फांद्या फुटत गेलेल्या झाडाची कच्ची आकृती आहे आणि वर शाईनं एवढंच लिहिलं आहे : 'मला वाटतं'. उत्क्रांतीचा सिद्धांत कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. तो मांडण्याआधीची ती चाचपड मात्र त्या एका पानावरच आहे.

दुसरं उदाहरण ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचं. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला एकत्रित ग्रंथ त्यांच्याकडे आला होता. पुढे नवी आवृत्ती आली आणि जुनी प्रत त्यांनी काढून टाकली. ती पुन्हा सापडली आणि १९०६ मध्ये लोकवर्गणीतून विकत घेऊन परत आणली गेली. या प्रतीचं वैशिष्ट्य तिच्या झिजेत आहे. सतराव्या शतकातल्या वाचकांच्या बोटांनी 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची पानं सर्वाधिक झिजली आहेत. तरुण विद्यार्थ्यांना काय वाचायला आवडत होतं, याची नोंद कोणी लिहून ठेवली नाही. कागदानंच ती ठेवली.

तेव्हा स्वच्छ प्रतीपेक्षा वापरलेली प्रत आधी उघडा. समासातल्या टिपा, आतल्या पानावरची मालकांची नावं, एका नावावर काट मारून लिहिलेलं दुसरं नाव, छपाईतली चूक, मेणबत्तीचा डाग, कसरीनं काढलेली वाट हे सगळं पाहा. बांधणीच्या आतही डोकवा. जुने बांधणीकार निरुपयोगी ठरलेल्या हस्तलिखितांचे तुकडे अस्तराला वापरत आणि कधीकधी ते तुकडेच मूळ पुस्तकापेक्षा मोलाचे ठरतात. कडा न कापलेली, एकमेकांना जोडलेलीच राहिलेली पानंही बोलकी असतात : हे पुस्तक इतकी वर्षं इथे आहे आणि कोणीच वाचलेलं नाही.

एका वेळी एकच वस्तू आणि तिच्यातली एकच खूण निवडा. नवख्या माणसाला दहा गोष्टी दाखवाव्याशा वाटतात, हे मी समजू शकते. पण एकच नीट दाखवा.

कपाटातून काढण्याआधी

निवडलेली वस्तू कितपत उघडते, शाई सुटते आहे का, पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या होताहेत का, हे संवर्धकाला, म्हणजे जुने कागद आणि बांधण्या जपणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवून घ्या. संवर्धक नसेल तर निदान दोघांनी मिळून पाहा आणि लिहून ठेवा. दोन गोष्टी नवख्यांना ठाऊक नसतात. पहिली लोहयुक्त शाईची. मायफळासारख्या वनस्पतिगाठी आणि हिराकस हा लोहाचा क्षार यांपासून केलेली ही शाई शतकानुशतकं वापरात होती आणि ती कागद खाते. अशा पानावर अक्षरांच्या जागी बारीक भेगा दिसल्या, तर पान वाकवू नका, ते तिथेच तुटेल. दुसरी गोष्ट हिरव्या रंगाची. एकोणिसाव्या शतकातल्या काही कापडी बांधण्यांच्या झगझगीत हिरव्या रंगात आर्सेनिक हे विष आहे. अमेरिकेतल्या विंटरथूर संग्रहालयानं डेलावेअर विद्यापीठाच्या सोबतीनं २०१९ पासून अशी पुस्तकं शोधायला सुरुवात केली. शंका आली तर नायट्राइलचे रबरी हातमोजे घाला, पुस्तक बंद पिशवीत ठेवा, टेबल पुसा आणि ते हाताळण्याच्या कार्यक्रमातून वगळा.

आणि मग नोंदवही. कपाटातली वस्तू हलली, की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची : बोधांक (वस्तू ज्या क्रमांकानं शोधतात आणि मागवतात तो), कोणी नेली, कशासाठी, किती वाजता, कुठे. वस्तू शेजारच्या खोलीत पाच मिनिटांसाठी जात असली तरी. वर सांगितलेली डार्विनची टिपणवही आणि तिच्या जोडीची दुसरी वही २००० साली छायाचित्रणासाठी कुलूपबंद सुरक्षित खोलीतून बाहेर काढल्या होत्या. जानेवारी २००१ च्या नेहमीच्या तपासणीत त्यांची छोटी पेटी जागेवर नव्हती. चुकून दुसऱ्या फळीवर ठेवली असेल, असं समजून वर्षानुवर्षं शोध चालला. २०२० मध्ये चोरीची तक्रार आणि जाहीर आवाहन झालं. मार्च २०२२ मध्ये दोन्ही वह्या एका गुलाबी पिशवीत, ग्रंथपालांच्या कार्यालयाबाहेर जमिनीवर सापडल्या. सोबत ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा देणारी चिठ्ठी होती. वह्या सुखरूप आहेत, हे वाचून मला भरून आलं होतं. तरीही ही हकिकत मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते, कारण चांगल्या हेतूनं, लोकांना दाखवण्यासाठी वस्तू बाहेर काढतो, तोच क्षण सर्वांत धोक्याचा असतो.

टेबलावर

हात साबणानं धुवून पूर्ण कोरडे करा. पांढऱ्या सुती मोज्यांचं चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे, पण कागदासाठी ते बहुतेक ठिकाणी आता वापरत नाहीत. मोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही, धागे कडांत अडकतात आणि पान फाटतं. छायाचित्रं, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तूंना मात्र मोजे हवेतच. तुम्ही उघड्या हातांनी पान उलटताना दिसलात, की कोणीतरी हमखास हरकत घेईल. त्याला न रागावता हे कारण समजावून सांगा.

ग्रंथ सपाट उघडायचा नाही. दोन्ही पुठ्ठ्यांखाली फोमच्या उतरत्या उशा लावा आणि तो जेवढा सहज उघडेल, तेवढाच उघडा. पान धरून ठेवायला कापडात शिवलेली मण्यांची वजनी माळ वापरा. पेन टेबलावर नको, पेन्सिलच. पाणी, चहा खोलीबाहेर. सुट्या भूर्जपत्रांना किंवा ताडपत्रांना उचलताना खालून आधाराचा पुठ्ठा सरकवा. एका कडेनं उचललेलं जुनं पान स्वतःच्याच वजनानं मोडतं.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत, फोटोत दोन्ही पानं सरळ यावीत म्हणून मी एक ग्रंथ थोडा जास्त दाबला होता. जुजबंदीचा, म्हणजे पानांच्या जुड्या एकत्र शिवणारा, धागा तुटल्याचा तो बारीकसा आवाज मला अजून आठवतो. त्या ग्रंथाची बांधणी पुढे दुरुस्त झाली, पण मूळ शिवण गेली ती गेलीच. फोटोत मधली घडी थोडी वळलेली आली तर येऊ द्या.

फोटो : दोन काढा, एक नको

निवडलेली वस्तू संकेतस्थळावर दाखवायची, तर दोन फोटो लागतात. पहिला फोटो पूर्ण पानाचा, चारही कडा दिसतील असा, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून. आकर्षक दिसावं म्हणून कडा छाटण्याचा मोह होतो. छाटू नका. कागद किती मोठा, समास किती रुंद, कुठे पाणी लागलंय, हे अभ्यासकाला याच फोटोतून कळतं. फोटोची मूळ प्रत टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल-स्वरूपात, प्रति इंच ३०० पिक्सेलच्या खाली न जाता साठवा आणि फाइलचं नाव बोधांकावरून द्या. 'सुंदरपान_अंतिम_२' असं नाव दिलेली फाइल तीन वर्षांनी तुमची तुम्हालाही सापडणार नाही.

दुसरा फोटो त्या एका खुणेचा, जवळून. इथे प्रकाशाची दिशा बदलून पाहाच. दिवा एका बाजूनं, पानाच्या जवळजवळ समांतर धरला, की छपाईच्या खिळ्यांनी कागदात उमटवलेला दाब, चामड्यावरची रंग नसलेली नक्षी, खोडलेल्या अक्षरांचे चरे उभे राहतात. कागदाखाली पातळ प्रकाशपट्टी सरकवली, तर जलचिन्ह दिसतं. जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या रेषा आणि जलचिन्ह असतं, आणि त्यावरून कधीकधी कागद कुठल्या गिरणीचा आणि साधारण कोणत्या काळातला, हे ठरवता येतं. कोऱ्या वाटणाऱ्या पानातून एखादी आकृती वर येताना विद्यार्थ्यांचे चेहरे पाहावेत. मी हे शेकडो वेळा दाखवलं असेन, तरी मला दर वेळी तसाच आनंद होतो.

फ्लॅश नको. चमक येते आणि तपशील धुऊन जातो. काम संपताच ग्रंथ मिटा, कारण प्रकाशानं झालेली हानी साठत जाते आणि ती परत भरून येत नाही. कागद, शाई, रंगीत चित्रं यांच्या प्रदर्शनासाठी ५० लक्सची (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. प्रदर्शनात ग्रंथ ठेवायचा असेल तर एकच पान महिनोन्‌महिने उघडं ठेवू नका.

ग्रंथ आपला, हक्क आपला असेलच असं नाही

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणून वगळली जाते. वगळू नका. कागद ग्रंथालयाच्या मालकीचा असला, तरी मजकुराचा हक्क लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा असू शकतो. पत्रांच्या बाबतीत गफलत सर्वाधिक होते : पत्र ज्याला आलं त्याच्या घरून ते देणगीत मिळतं, पण त्यातल्या शब्दांवर हक्क लिहिणाऱ्याचा असतो. मुदती देशागणिक वेगळ्या आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७० वर्षं, तर अमेरिकेत जुन्या प्रकाशित पुस्तकांना प्रकाशनापासून कमाल ९५ वर्षं. त्याखेरीज देणगीदाराशी झालेला करार वाचा. 'अमुक पेटी इतकी वर्षं उघडू नये' अशी अट त्यात असू शकते.

मुदत संपलेली असेल, तर प्रतिमा सगळ्यांना मुक्त वापरासाठी खुली आहे, असं स्पष्ट लिहा. मुदत संपलेल्या ग्रंथाच्या फोटोवर ग्रंथालयाचा मोठा शिक्का उमटवणं मला पटत नाही. शतकांपूर्वीच्या लेखकानं सगळ्यांसाठी लिहिलेल्या पानावर आपण नव्यानं कुंपण घालायचं कशाला? ग्रंथालयाचं नाव आणि बोधांक प्रतिमेखाली लिहिला, की पुरे.

चार ओळी लिहिताना

आता प्रतिमेखाली द्यायचा मजकूर. शीर्षक, लेखक, छापलेलं गाव, मुद्रक, वर्ष, आकार आणि बोधांक, ही माहिती प्रत्येक वेळी द्या. बोधांक हा यातला सर्वांत छोटा आणि सर्वांत महत्त्वाचा तुकडा. तो दिला म्हणजे वाचकाच्या हाती किल्ली दिली. इतके कष्ट घेऊन टाकलेल्या सुंदर प्रतिमेखाली बोधांकच नसतो, असं मी कितीतरी ठिकाणी पाहते आणि हळहळते.

वर्ष शीर्षकपानावरून उतरवताना सावध राहा. रोमन आकडे दोनदा मोजा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे त्या काळातल्या फेब्रुवारीच्या पत्रावर जे वर्ष लिहिलेलं असतं, त्यात एक मिळवला की आजच्या हिशेबाचं वर्ष मिळतं. काही जुन्या पुस्तकांवर मुद्रकानं पकडलं जाऊ नये म्हणून गाव आणि नाव खोटं छापलेलं असतं. हस्तलिखित असेल तर आधी पुष्पिका, म्हणजे नकलकारानं शेवटी लिहिलेला मजकूर, वाचा. काळ, जागा, नकलकाराचं नाव तिथे मिळण्याची शक्यता असते. पण ती पुष्पिका जुन्या प्रतीवरून जशीच्या तशी उतरवलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवा.

'पहिलं', 'एकमेव', 'सर्वांत जुनं' हे शब्द लिहिण्यापूर्वी थांबा. युरोपात १५०० सालापर्यंत छापलेल्या पुस्तकांच्या ज्ञात प्रतींची आंतरराष्ट्रीय सूची आहे, जुन्या इंग्रजी छापील पुस्तकांचीही आहे. त्यांत शोधल्याशिवाय 'एकमेव' म्हणू नका. बख्शाली हस्तलिखिताचं उदाहरण आपल्यापैकी अनेकांना जवळचं वाटेल. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या गावात सापडलेली ही भूर्जपत्रांवरची गणिताची पोथी १९०२ पासून बोडलियनमध्ये आहे. तिच्यात रिकाम्या जागी ठिपका मांडलेला आहे, आपल्या शून्याचा पूर्वज. २०१७ मध्ये कार्बन चाचणीच्या आधारे तिची काही पानं तिसऱ्या-चौथ्या शतकातली असल्याचं जाहीर झालं आणि जगभर 'सर्वांत जुनं शून्य' म्हणून बातम्या झाल्या. पण तपासलेल्या तीन नमुन्यांचे काळ एकमेकांपासून शतकांच्या अंतरावर होते, आणि एकाच हातानं लिहिल्यासारखी दिसणारी पोथी अशी कशी असेल, असा आक्षेप अभ्यासकांनी लगेच घेतला. अशा वेळी काय दिसतं, कोण काय म्हणतं आणि वाद कुठे आहे, हे तिन्ही लिहा. वाचकाला वाद आवडतो. त्याला त्यातून बाहेर ठेवू नका.

'अप्रतिम, दुर्मीळ, पाहायलाच हवं' या शब्दांतून वाचकाला काहीच दिसत नाही. त्याऐवजी 'उजव्या समासात तीन वेगळ्या शाईंतली अक्षरं आहेत. सर्वांत खालचं अक्षर थरथरतं आहे' असं लिहा, म्हणजे तो चित्र मोठं करून पाहील. ज्यांना चित्र दिसत नाही, त्यांच्यासाठी प्रतिमेचं शब्दांतलं वर्णन जोडा. तेही याच पद्धतीनं : आधी वस्तू कोणती, मग पानावर काय कुठे आहे, मग खूण.

सुराबद्दल एक गंभीर गोष्ट. हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात माणसाच्या कातडीत बांधलेलं एक पुस्तक होतं. एका मृत रुग्ण स्त्रीची कातडी, तिच्या संमतीशिवाय घेतलेली. २०१४ मध्ये चाचणीनं ती माणसाचीच असल्याचं सिद्ध झालं, तेव्हा त्याबद्दल चमचमीत, गमतीच्या सुरात लिहिलं गेलं. २०२४ मध्ये ग्रंथालयानं ती कातडी बांधणीतून काढली आणि आपला तो सूर चुकला होता, असं जाहीरपणे मान्य केलं. तुमच्या संग्रहातही गुलामांच्या याद्या, तुरुंगाची कागदपत्रं, रुग्णांची छायाचित्रं, एखाद्या समाजाकडून उचलून आणलेल्या पोथ्या निघतील. त्या दाखवण्याआधी त्यातल्या माणसाचा विचार करा. ज्यांचा तो वारसा आहे, त्यांच्याशी बोला. काही वस्तू दाखवायच्या नाहीत, असं ठरलं तर तेही नोंदवून ठेवा.

माणसं समोर असताना

वर्ग किंवा पाहुण्यांचा गट येणार असेल, तर सहा-सात वस्तूंपेक्षा जास्त मांडू नका आणि एका वस्तूभोवती चार-पाच जणांपेक्षा जास्त नकोत. आधी तुम्ही बोलू नका. पाच मिनिटं त्यांना पाहू द्या आणि काय दिसलं, हे विचारा. एखादा विद्यार्थी पानाच्या वासाबद्दल बोलेल, एखादी मुलगी म्हणेल, 'इथे कोणीतरी बेरीज केलीय.' तुमचं भाषण त्या बेरजेपासून सुरू करा. जी वस्तू हाताळायला सुरक्षित आहे, तिचं एखादं पान त्यांना उलटू द्या, तुम्ही शेजारी उभं राहून. कसं उलटायचं, हे आधी दाखवा : वरच्या कोपऱ्यातून, तळहाताच्या आधारानं, सावकाश.

शेवटी प्रत्येकाच्या हाती मागणीची कोरी चिठ्ठी द्या. पुष्कळांना हेच माहीत नसतं की विशेष संग्रहातली वस्तू आपणही मागवू शकतो.

नंतर

प्रतिमा एकाच संकेतस्थळात अडकून राहू नये, म्हणून शक्य असेल तर ती आयआयआयएफ या खुल्या मानकानुसार ठेवा. वेगवेगळ्या ग्रंथालयांतली पानं मग एकाच पडद्यावर शेजारी शेजारी उघडता येतात. चौथ्या शतकातलं सिनाय कोडेक्स हे ग्रीक बायबलचं हस्तलिखित आज चार ठिकाणी विखुरलेलं आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, लायपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात, रशियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि सिनाय पर्वताजवळच्या सेंट कॅथरीन मठात. लायपझिगकडे त्यातली ४३ पानं. २००९ मध्ये चौघांनी मिळून त्याच्या प्रतिमा एकत्र खुल्या केल्या आणि विखुरलेला ग्रंथ पडद्यावर तरी सलग वाचता येऊ लागला.

वाचक लिहितील. कोणी तुमची चूक दाखवेल, कोणी समासातलं न लागलेलं अक्षर लावून देईल, कोणी म्हणेल हे हस्ताक्षर माझ्या पणजोबांचं आहे. दुरुस्ती त्याच दिवशी करा, सांगणाऱ्याचे आभार माना आणि त्याची परवानगी असेल तर त्याच्या नावासह ती माहिती तालिकेतल्या नोंदीत घाला. निव्वळ उत्तर देऊन थांबलात, तर ती माहिती तुमच्या बदलीबरोबर निघून जाईल.

आणि ग्रंथ परत ठेवताना : पानं मोजा, आत ठेवलेल्या कागदी खुणा काढा, फीत सैलसर बांधा, पेटीवरचा बोधांक आणि फळीवरचा बोधांक मोठ्यानं वाचून जुळवा, चिठ्ठी काढा, नोंदवहीत वेळ लिहून सही करा. कपाटाला कुलूप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनकक्षातल्या मागणीच्या चिठ्ठ्या पाहा. त्यांत तो बोधांक एखाद्या अनोळखी हस्ताक्षरात लिहिलेला असेल, तर फोमच्या उशा पुन्हा मांडून ठेवा.